डिझेलचा हिशोब

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर आमच्या रूममध्ये हशा पिकला. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात, ही आधीच विनंती. विषय मात्र पक्का होता. ज्याचं नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो आणि ते एका माणसाचं नाव आहे हे विसरूनच जातो, त्याच्याबद्दल मला लिहायचंय. रुडॉल्फ डिझेल.

खरं सांगते, सेकंड इयरपर्यंत माझ्यासाठी डिझेल म्हणजे पंपावर मिळणारं इंधन आणि थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरातला एक हमखास प्रश्न. त्या प्रश्नासकट आख्खा पेपर माझा राहिला. म्हणजे केटी. हे मी घरी सांगितलं नव्हतं. असो, ते पुढे येईलच.

या माणसाशी माझी ओळख झाली ती वाईच्या मामामुळे. मामा भाड्याची गाडी चालवतो. गाडी डिझेल, वय सोळा वर्षं. पूर्वी लिटरला 15 किलोमीटर द्यायची, गेल्या दिवाळीत अ‍ॅव्हरेज 10 वर आलं होतं. पसरणीच्या घाटात मागे काळा धूर. भाडं तेवढंच, डिझेल जास्त, मधला फरक मामाच्या खिशातून. भाची मेकॅनिकलला आहे म्हणून त्याने मोठ्या आशेने मला बॉनेटपुढे उभं केलं, आणि मला काहीही सांगता आलं नाही. त्या लाजेपायी सुट्टीनंतर लायब्ररीत जाऊन या डिझेलचं चरित्र वाचायला घेतलं.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे बव्हेरियाकडचे, जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. 1870 साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल मंडळी लंडनला गेली. तिथे पैशाची ओढाताण. शेवटी 12 वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. पोरगा तिथे रमला, आणि चौदाव्या वर्षी त्याने पत्र लिहून घरी कळवलं की आपल्याला इंजिनियर व्हायचंय. घरच्यांची इच्छा होती की त्याने लवकर कमवायला लागावं. पण स्कॉलरशिप मिळाली आणि तो म्यूनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. होस्टेलवर राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ही गोष्ट ओळखीची वाटेल!

तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले. रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात भेटतात तेच हे लिंडे. एका लेक्चरमध्ये त्यांनी सांगितलं की वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामी येते, बाकीची वाया जाते. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून पान उलटलं असणार. या पोराच्या डोक्यात मात्र ते रुतून बसलं. शंभरातले नव्वद वाया? मग ते जातात कुठे, आणि कसे वाचवायचे? पुढचं सगळं आयुष्य त्याने या एका प्रश्नावर घालवलं. म्हणजे मामाचा प्रश्न आणि डिझेलचा प्रश्न एकच होता: अ‍ॅव्हरेज कसं वाढवायचं!

1879 ची शेवटची परीक्षा टायफॉइडमुळे त्याची हुकली. जानेवारी 1880 मध्ये ती दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाला. मग पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फ बनवण्याच्या यंत्रांचं काम. 1883 साली मार्थाशी लग्न, पुढे तीन मुलं. नोकरी सांभाळून प्रयोग चालूच होते. वाफेऐवजी अमोनिया वापरून इंजिन करून बघितलं, तेव्हा स्फोट होऊन हा बराच काळ हॉस्पिटलमध्ये पडून होता.

तो मार्ग सुटला, पण त्यातून खरी कल्पना निघाली. हवा जोरात दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं तोंड गरम लागतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. मग ती इतकी दाबायची की तिचं तापमान 500 अंशांच्या वर जाईल, आणि नेमक्या त्या क्षणी इंधनाचा फवारा सोडायचा. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको. इंधन आपोआप पेटेल. आणि दाब जितका जास्त, तितकी त्याच इंधनातून कामाला येणारी उष्णता जास्त. 1893 मध्ये पेटंट मिळालं, पुस्तकही छापून आलं. त्याच्या मनात अजून एक गोष्ट होती. वाफेची अवाढव्य इंजिनं फक्त बड्या कारखानदारांना परवडत. त्याला छोट्या कारागिराच्या हातात स्वतःचं इंजिन द्यायचं होतं.

कागदावर हे सगळं सुंदर होतं. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने पैसा आणि जागा दिली. ऑगस्ट 1893 मध्ये पहिलं इंजिन तपासायला घेतलं, तर दाब मोजायचं उपकरणच फुटलं आणि त्याचे तुकडे उडाले. इंजिन स्वतःच्या ताकदीने फिरलंसुद्धा नाही. शिवाय पेटंटमध्ये लिहिलेली ज्वलनाची पद्धत प्रत्यक्षात चालणारी नाही, हेही लक्षात आलं. तिथे एखादा खचला असता. यांनी मूळ गणित बदललं आणि दुसरं इंजिन बनवलं. 17 फेब्रुवारी 1894 ला ते पहिल्यांदा स्वतःहून चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट! असं सांगतात की फिरवणारा पट्टा उलट ओढला जातोय, म्हणजे आता इंजिनच पट्ट्याला ओढतंय, हे आधी लिंडर नावाच्या कामगाराच्या लक्षात आलं. तो काही बोलला नाही, फक्त डोक्यावरची टोपी काढली.

त्यानंतर अजून तीन वर्षं. इंधन नीट फवारलं जात नाही, ते दुरुस्त करा. पिस्टनच्या बाजूने दाब निसटतो, तो थांबवा. फवारा लवकर होतो, उशिरा होतो, वेळ जुळवा. कुठेही जादू नाही. एकेक गळती शोधायची आणि बंद करायची. फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी सगळ्यांसमोर चाचणी घेतली. साधारण 20 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि एफिशियन्सी 26.2 टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. पुस्तकात रंगवलेल्या सत्तरच्या आसपासच्या आकड्यापेक्षा ते खूप कमी होतं, पण जगात तेव्हा याच्या जवळपास येणारं दुसरं इंजिन नव्हतं.

हे वाचलं आणि पुढच्या सुट्टीत मामाला घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेले. या वेळी प्रश्न विचारता येत होते. काकांचा आधी माझ्यावर विश्वास नव्हता, ते सगळं मामाकडेच बघून बोलायचे. पण चरित्रातली यादी आणि गाडीची यादी एकच निघाली. एअर फिल्टर मातीने गच्च, म्हणजे दाबायला हवाच पुरेशी नाही, म्हणून काळा धूर. नोझल झिजलेले, फवाऱ्याऐवजी थेंब पडत होते, आणि थेंब पूर्ण जळत नाही. पंपाचं टायमिंग मागे गेलेलं. नशिबाने कॉम्प्रेशन ठीक होतं, नाहीतर इंजिनच उतरवावं लागलं असतं.

पण निम्मी चोरी इंजिनाच्या बाहेर होती! गाडी चालवून आणून चाकांना हात लावून बघितला, तर मागचं डावं चाक चटका बसण्याइतकं गरम. ब्रेक चिकटत होता, म्हणजे मामा रात्रंदिवस थोडा ब्रेक दाबूनच गाडी चालवत होता. टायरमध्ये हवा कमी. आणि थर्मोस्टॅट? तो कोणीतरी कधीतरी काढूनच टाकलेला. गाडी गरम होते म्हणून आपल्याकडे सर्रास काढतात. मग इंजिन कायम थंड राहतं आणि इंधनाची उष्णता चाकांऐवजी रेडिएटरमध्ये जाते. लिंडेसरांनी ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

सगळं केल्यावर टाकी काठोकाठ भरली, 200 किलोमीटर चालवून परत तिथपर्यंतच भरली आणि भागाकार केला. 14. सोळा वर्षांच्या गाडीला अजून काय पाहिजे? मामाने तो आकडा वहीत लिहिला. ही वही त्याच्या डॅशबोर्डच्या खणात असते. प्रत्येक लिटर, प्रत्येक खेप, प्रत्येक उधारी त्यात लिहिलेली. स्टँडवरचा कोणीही ती उघडून बघू शकतो, मामीसुद्धा.

ही वही मला सारखी आठवली, कारण डिझेलच्या गोष्टीचा पुढचा भाग हिशोबाचाच आहे.

1897 नंतर पैसा धो धो आला. एकट्या अमेरिकेच्या हक्कांसाठी अ‍ॅडॉल्फस बुश या बिअर कारखानदाराने 10 लाख मार्क मोजले. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथलं एक इंजिन तर चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं! पण सुरुवातीला विकलेली इंजिनं सतत बंद पडायची, तक्रारी यायच्या. पेटंटवरून कोर्टकचेऱ्या. डोकेदुखी आणि ताण इतका वाढला की त्याला आरोग्यधामात राहावं लागलं. त्यात म्यूनिकला मोठा बंगला बांधला, जमिनी आणि तेलाच्या धंद्यात पैसा घातला आणि बुडाला. इंजिनातली एकेक टक्क्याची गळती शोधणारा हा माणूस स्वतःच्या घरातली गळती थांबवू शकला नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याने ती कोणाला दाखवली नाही. बाहेर बंगला, सन्मान, भाषणं. आत खाती रिकामी.

29 सप्टेंबर 1913 ला तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. बरोबर दोन सहकारी होते. रात्री एकत्र जेवण झालं, गप्पा झाल्या, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कोणी झोपलेलंच नव्हतं. कोट आणि हॅट डेकवर कठड्याजवळ सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो परत समुद्रात सोडला गेला. मुलाने, ऑयगेनने, त्या वस्तू ओळखल्या. निघण्याआधी मार्थाकडे दिलेली एक बॅग तिने नंतर उघडली. त्यात 20,000 मार्क होते, आणि खाती रिकामी असल्याचे कागद. घातपाताच्या अफवा बऱ्याच उठल्या, पण बहुतेक अभ्यासक आत्महत्याच मानतात. वय 55.

त्याचं इंजिन पुढे निघून गेलं. 1912 मध्येच सेलांडिया हे डिझेलवरचं जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेलं होतं. 1927 पासून बॉशचे इंधन पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले, त्यामुळे फवाऱ्यासाठी लागणारा जड कॉम्प्रेसर गेला आणि डिझेल इंजिन गाडीत मावू लागलं. 1936 मध्ये मर्सिडीजची 260 डी ही डिझेल कार आली. कारागिराच्या हातात इंजिन देण्याचं त्याचं स्वप्न माझ्या मामाच्या रूपात वाईच्या स्टँडवर उभं आहे. ते बघायला तो नव्हता.

लायब्ररीत शेवटची पानं वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. कुठे तो आणि कुठे मी, तुलना करणं हास्यास्पद आहे. पण चार महिने घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणणारी मी, मला ती बॅग दिसत राहिली. त्या रविवारी होस्टेलच्या जिन्यात बसून बाबांना फोन केला आणि केटीचं सांगून टाकलं. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढंच विचारलं की पेपर परत कधी आहे.

पेपर पुढच्या महिन्यात आहे. डिझेल सायकलचा प्रश्न आला तर मी तो नक्की सोडवेन. आणि तुमच्यापैकी कोणाच्या खणात अशी न दाखवलेली वही असेल, तर कोणाला तरी दाखवा. रेक्टरसरांना, रूममेटला, घरी, कोणालाही. गळती कुठे आहे ते कळलं की अर्धं काम झालं, असं आमचे मिस्त्रीकाका म्हणतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी