शाळांच्या मैदानांवरचे दोराबजी टाटा

जगातील ११ ते १७ वयोगटातील दर पाच मुलांपैकी चार मुले दिवसाला तासभरही पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नोंदवले. भारतात या उणिवेकडे फार पूर्वी लक्ष देणाऱ्यांत सर दोराबजी टाटा होते. त्यांचे नाव पोलाद कारखान्याशी जोडले जाते. मैदानावरचे त्यांचे काम तुलनेने मागे पडले.

२७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत जन्मलेले दोराबजी केंब्रिजमध्ये क्रिकेट व फुटबॉल खेळले. मायदेशी परतल्यावर मुंबईतील अनेक शाळांना एकत्र आणून त्यांनी हायस्कूल ॲथलेटिक असोसिएशन उभारण्यास हातभार लावला आणि तिचे सरचिटणीसपद सांभाळले. आधी क्रिकेटचे सामने झाले, पुढे धावणे-उड्यांच्या स्पर्धा. ऑलिम्पिकचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता.

१९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी शेतकरी कुटुंबांतील तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. त्यांना प्रशिक्षण जवळजवळ नव्हतेच, तरीही त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या होत्या. गुणवत्ता होती, तिला घडवणारी व्यवस्था नव्हती. पुढल्याच वर्षी सहा खेळाडू अँटवर्पला गेले. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला. पदक मिळाले नाही, मात्र कुस्तीत शिंदे चौथे आले.

१९२७ मध्ये ते भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.