कंपनीच्या बागेला जगदीशचंद्रांचे नाव

कोलकात्यासमोर, हुगळीच्या पश्चिम काठावर शिबपूर येथे देशातील एक सर्वात जुनी वनस्पती बाग आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे कर्नल रॉबर्ट किड यांनी ती 1787 मध्ये उभारली. हेतू व्यापाराचा होता: साग, मसाले आणि नफा देणारी झाडे. लोक तिला कंपनी बागान म्हणत. पुढे ती रॉयल बोटॅनिक गार्डन झाली, स्वातंत्र्यानंतर इंडियन बोटॅनिक गार्डन झाली. जून 2009 मध्ये तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव मिळाले.

बोस यांनी ही बाग स्थापन केली नव्हती. मग त्यांचेच नाव का?

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातले. तिथे त्याच्या एका बाजूला मुस्लिम चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. ही मुले घरी आली की आई सर्वांना सारखेच जेवू घालायची. झाडे, पाणी, प्राणी यांच्याविषयीची ओढ याच सवंगड्यांच्या गोष्टींतून लागली, असे बोस पुढे सांगत.

इंग्लंडमध्ये शिकून ते 1885 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे भारतीयांना त्याच कामासाठी युरोपियनांपेक्षा कमी पगार होता. बोस यांनी नोकरी सोडली नाही, पण तो पगारही घेतला नाही. घरावर कर्ज असताना तीन वर्षे विनावेतन शिकवले. अखेर सरकारला पूर्ण पगार मागील थकबाकीसह द्यावा लागला.

रेडिओ लहरींवरील संशोधनानंतर ते वनस्पतींकडे वळले. रोपाची डोळ्यांना न दिसणारी वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ यंत्र त्यांनी बनवले. 1917 मध्ये बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. तिचे चिन्ह आहे वज्र. 1904 मध्ये भगिनी निवेदिता आणि रवींद्रनाथ टागोर यांच्यासोबत ते बोधगयेला गेले होते. तिथे निवेदितांना भावलेले हे बौद्ध प्रतीक पुढे या प्रयोगशाळेवर विराजमान झाले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी बोस यांचे निधन झाले.

नफ्यासाठी लावलेल्या बागेला, झाडाला काय जाणवते हे शोधणाऱ्या माणसाचे नाव मिळाले, हा बदल केवळ पाटीचा नाही. पण नाव दिले की काम संपत नाही. समान कामाला समान वेतन आणि एका बाकावर बसणारी सर्वांची मुले, ही लढाई आजही आपल्या कॉलेजांत, कंत्राटी नोकऱ्यांत चालू आहे. तरुणांनी बोस यांचे यंत्र लक्षात ठेवावे, आणि तो नाकारलेला पगारही.