प्रवाळद्वीपांचे कोडे

चार्ल्स डार्विन १८३१ साली ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. बोट लागून ते वारंवार हैराण होत. भर समुद्रात कंकणाकृती प्रवाळद्वीपे कशी निर्माण होतात, हे त्या काळी कोडेच होते. दक्षिण अमेरिकेत भूकंपाने वर उचललेली जमीन डार्विन यांनी पाहिली. जमीन वर येते, तशी ती अन्यत्र खचतही असेल. बेट सावकाश बुडत गेले व काठचे प्रवाळ वर वर वाढत राहिले, तर अखेरीस कडेच तेवढे उरेल, असे त्यांनी ताडले. गंमत अशी की, तोवर त्यांनी खरे प्रवाळद्वीप पाहिलेच नव्हते!

१८३६ च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी दोरीस बांधलेल्या शिशाच्या बुडाला चरबी लावून ते पाण्यात सोडण्यात आले. उथळ जागी चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटले. खोल जागी नुसती वाळू चिकटली.

१८४२ साली त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे काही पंडितांनी तो सिद्धांत खोडून काढू पाहिला. कोणा धनिकाने अशा बेटात खोल विंधन घ्यावे, अशी इच्छा डार्विन यांनी १८८१ साली एका पत्रात व्यक्त केली. पुढल्याच वर्षी ते निवर्तले.

१९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे विंधन झाले. १२०० मीटरांहून अधिक चुनखडकाखाली ज्वालामुखीचा काळा कातळ लागला.