लिओ फेंडर
क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर (१० ऑगस्ट, १९०९ – २१ मार्च, १९९१) हे विद्युत गिटार व ॲम्प्लिफायर बनवणारे अमेरिकन संशोधक आणि उद्योजक होते. बालपणी त्यांचा डावा डोळा गेला. हिशेबनिसाची नोकरी सुटल्यावर १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी बनवलेले ‘के अँड एफ’ ॲम्प्लिफायर आज दुर्मीळ आहेत. कॉफमन वेगळे झाल्यावर फेंडर यांनी स्वतंत्र कंपनी उभारली. १९५१ मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ गिटार व पुढील वर्षी तिच्यासाठी ‘बेसमन’ ॲम्प्लिफायर बाजारात आणला. ‘बेसमन’च्या आराखड्यावरूनच जिम मार्शल यांचा पहिला ॲम्प्लिफायर इंग्लंडमध्ये तयार झाला. दीर्घ आजारामुळे १९६५ मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएसला विकली. मात्र प्रकृती सुधारल्यावर ते अखेरपर्यंत नवी वाद्ये घडवत राहिले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे.