मोलचा जनक अ‍ॅव्होगाड्रो

दुबई, शारजाच्या भारतीय शाळांत केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम घेऊन अकरावीत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात एककांची रूपांतरे आणि मोल भेटतो. आपल्या मॉरिशसच्या कॉलेजांतही तोच. ग्रॅमचे मोल करा, मोलचे रेणू करा! मुले रडकुंडीला येतात. ज्याच्या विचारातून हा हिशेब निघाला, त्या माणसाची आज ओळख करून घेऊ.

आमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरीन शहरी झाला. घराणे वकिलांचे. विसाव्या वर्षी ते धर्मकायद्याचे डॉक्टर झाले, वकिलीही केली. पण मन रमले गणित आणि पदार्थविज्ञानात. वेर्चेल्ली गावी शिक्षक असताना १८११ साली त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. तो फ्रेंच भाषेत होता, म्हणजे आपल्याकडची मुले तो मुळातूनच वाचू शकतील.

त्यांचे म्हणणे असे : तापमान व दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. एक भांडे हायड्रोजन आणि तेवढेच ऑक्सिजन तोलले तर ऑक्सिजन सोळापट जड भरतो. मग त्याचा एक रेणूही सोळापट जड! डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंचा हिशेब असा तराजूवर आला. हायड्रोजनच्या एका रेणूत दोन अणू असतात, हेही त्यांनी सांगितले. पण एकाच जातीचे दोन अणू एकत्र राहतील हे डाल्टन, बर्झेलियस यांच्यासारख्या मोठ्यांना पटले नाही, आणि लेख पडून राहिला.

तुरीन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले, राजकीय धामधुमीत ते गेले, पुढे परत मिळाले. ९ जुलै १८५६ रोजी अ‍ॅव्होगाड्रो वारले. अवघ्या चार वर्षांनी, १८६० मध्ये कार्ल्सरूए येथील परिषदेत कानिझारो यांनी त्यांचा विचार मांडला, तेव्हा कुठे जग जागे झाले.

गंमत म्हणजे त्यांच्या नावाची संख्या त्यांना ठाऊकच नव्हती. ते नाव १९०९ साली पेरँ यांनी दिले. २०१९ पासून ती कायमची ठरली आहे : ६०२२१४०७६ आणि पुढे पंधरा शून्ये. इतके रेणू म्हणजे एक मोल.

डझनात बारा केळी, तसाच मोल. फक्त तो मोजायचा नाही, तोलायचा. आपल्या उसाची साखर ३४२ ग्रॅम म्हणजे एक मोल. किलोभर साखरेत जवळजवळ २.९ मोल. दुबईत समुद्राचे खारे पाणी गोडे करून पितात. त्या पाण्याचा मोल १८ ग्रॅमचा. एक लिटर, म्हणजे १००० ग्रॅम, भागिले १८ : साडेपंचावन्न मोल.