अब्राहम लिंकन आणि दुभंगलेले राष्ट्र

अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओंडक्यांच्या एका लहानशा झोपडीत १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम लिंकनचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची होती. त्याचे सारे शालेय शिक्षण एकत्र केले, तरी पुरते एक वर्षही भरत नव्हते. परंतु वाचनाची गोडी विलक्षण. कुऱ्हाडीचे काम संपले की मागून आणलेले पुस्तक त्याच्या हाती असे. पुढे स्वतःच कायद्याचा अभ्यास करून तो इलिनॉय राज्यात नामांकित वकील झाला.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी रूढ होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांचे वंशज तेथील कापसाच्या मळ्यांत राबत. बाजारात माणसांची विक्री होई. आई एका मालकाकडे, तर मूल दुसऱ्याकडे जाई. १८४१ साली ओहायो नदीतून आगबोटीने प्रवास करीत असता, साखळदंडांनी जखडलेले दहा-बारा गुलाम लिंकनने पाहिले. ते दृश्य त्याला जन्मभर विसरता आले नाही.

उत्तरेकडील राज्यांनी ही प्रथा बंद केली होती. देश पश्चिमेकडे वाढत होता आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, यावरून उत्तर व दक्षिण यांत तीव्र वाद माजला. १८२० साली झालेल्या तडजोडीने नव्या प्रदेशाच्या मोठ्या भागात तिला बंदी होती. १८५४ साली ती बंदी उठली व कॅन्ससमध्ये रक्तपात सुरू झाला. या अन्यायाने व्यथित होऊन लिंकन पुन्हा राजकारणात उतरला. १८५८ साली स्टीफन डग्लस या प्रतिस्पर्ध्याशी त्याने सात जाहीर वादविवाद केले. निवडणुकीत त्याला अपयश आले. पण त्याची कीर्ती देशभर पसरली.

१८६० साली तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. गुलामगिरी आणखी पसरू नये, एवढाच त्या वेळी त्याचा आग्रह होता. तरीही त्याने सूत्रे हाती घेण्यापूर्वीच सात राज्ये फुटून निघाली. नव्या प्रदेशाच्या काही भागात गुलामगिरीला मोकळीक द्यावी, म्हणजे युद्ध टळेल, असे काही पुढाऱ्यांनी सुचविले. लिंकनने ते मानले नाही. अन्यायाला वाट देऊन मिळविलेली शांतता टिकत नाही, हे तो ओळखून होता.

१२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी समटर किल्ल्यावर मारा केला आणि युद्धाला तोंड फुटले. आणखी चार राज्ये फुटली. भावाविरुद्ध भाऊ उभा ठाकला. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. प्रत्येक पराभवाची वार्ता लिंकनचे अंतःकरण विदीर्ण करी. पण त्याचा निश्चय ढळला नाही. १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त झाल्याचे त्याने जाहीर केले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. त्यांतील कित्येक कालपर्यंत गुलाम होते.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. परंतु विजयाचा आनंद लिंकनच्या नशिबी फार दिवस नव्हता. १४ एप्रिलच्या रात्री नाट्यगृहात एका मारेकऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे प्राणोत्क्रमण झाले. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी देशभर नष्ट झाली.

या घटनेचे पडसाद पुण्यातही उमटले. १८७३ साली महात्मा ज्योतिराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना आदरपूर्वक अर्पण केला.