जन्म फ्रान्सचा, पण भोर-वेल्ह्याच्या जात्यावरच्या ओव्या राखल्या गी प्वातवाँ यांनी

पुणे जिल्ह्यातले भोर, वेल्हे, मुळशी, मावळ. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. डोंगरातल्या या गावांत पहाटे बाया जात्यावर बसायच्या. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हाताने वैरण घालायची आणि तोंडाने ओवी. विठ्ठल, भाऊ, माहेर, सासुरवास, सीतेचा वनवास असं सगळं त्यात यायचं. चारचौघांत जे बोलता यायचं नाही, ते जात्याला सांगता यायचं.

मग गावोगावी पिठाची गिरणी आली. बायांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण दळण थांबलं तशी ओवीही थांबली.

ही ओवी टिपून ठेवायला हवी, हे ज्यांनी ओळखलं त्यातले एक होते गी प्वातवाँ. जन्म १९३४ चा, फ्रान्सचा. १९७२ मध्ये ते भारतात आले, पुण्यात राहिले आणि १९७९ मध्ये भारताचे नागरिक झाले. मराठी शिकले, तेही इतकं की बेबी कांबळेंचं आत्मकथन त्यांनी फ्रेंचमध्ये नेलं.

हेमा राईरकर ही त्यांची सहचारिणी आणि कामातली बरोबरीची भागीदार. दोघांनी पुण्यात समाजशास्त्रीय संशोधनाची संस्था काढली. डोंगरी भागातल्या गरिबांच्या संघटनेचं काम करताना त्यांना बायांच्या ओव्या ऐकू आल्या. यांच्याशी बोलायचं तर आधी यांचं ऐकायला हवं, हे दोघांना कळलं. ऐंशीच्या दशकात ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात झाली. गावातलेच कार्यकर्ते वह्या घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. आमच्या मते या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. एरवी लोकगीत म्हटलं की गाणारी बेनाम होते.

हा आकडा वाढत वाढत १ लाखाच्या पुढे गेला.

पण कागदावर शब्द राहतात, गळा राहत नाही. ओवी कुठे लांबवायची, साथ देणारी कुठे सूर उचलते, हे वहीत कसं लिहिणार? बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींतले जाणकार १९९० च्या दशकात सोबत आले. त्यांनी डिजिटल टेपवर सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. पुणे जिल्ह्याबाहेरही मुद्रण झालं. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातच आहेत.

टेपचंही आयुष्य असतं. यंत्र बंद पडलं की टेप मुकी. म्हणून संगणकावर प्रती करणं, ओवी आणि आवाज यांची जोडी लावणं, हे किचकट काम पुढे वर्षानुवर्षं चाललं.

गी प्वातवाँ २००४ मध्ये गेले. पुढे हा संग्रह ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाकडे आला आणि २०१७ पासून ओव्या इंटरनेटवर येऊ लागल्या, आवाजासकट आणि भाषांतरासकट. ‘परी’ची माणसं जुन्या याद्या घेऊन पुन्हा गावांत गेली. काही गाणाऱ्या भेटल्या. त्यांनी परत गाऊन दाखवलं. ज्या राहिल्या नाहीत, त्यांचा आवाज आता मोबाइलवर ऐकता येतो.